पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, ब्रिज, की खिंडार तसंच ठेवू? (आईच्या कवळीचंही विचारायचंय)

गंगावेशकर | ९ जून

मंडळी, तीन वर्षांपूर्वी डावीकडची खालची दाढ काढली. रूट कॅनॉल केलेली होती, वर कॅप बसवायचा कंटाळा केला आणि एक दिवस फुटाणे खाताना उभी चिरली. काढली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, जागा भरून घ्या. मी म्हटलं, एक गेली तर काय, एकतीस आहेत की. (काल आरशापुढे मोजले. अक्कलदाढा दोनच निघाल्या. म्हणजे एकोणतीस.)

तीन वर्षं सगळं उजवीकडून चावतोय. गेल्या रविवारी मटणातली नळी फोडताना उजवीकडेही कळ आली, तेव्हा डोळे उघडले. दोन दवाखाने झाले. शाहूपुरीतले म्हणतात तीन दातांचा ब्रिज करू (शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला खोटा दात), आठवड्यात मोकळे, १८ हजार. राजारामपुरीतले म्हणतात इम्प्लांट करा (हाडात स्क्रू, त्यावर दात), चार-पाच महिने लागतील, ३८ हजार. शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत.

दुसरं आईचं. वय ७६, बारा वर्षांपासून वर-खाली पूर्ण कवळी. वरची घट्ट बसते, खालची नाचते. बोलताना उचलते, जेवताना सरकते, हिरडीला जखमा होतात. मटणाच्या दिवशी आई फक्त तांबडा-पांढरा आणि भात घेते, फोडी गुपचूप नातवाच्या ताटात जातात. दोनदा नवी करून झाली. इम्प्लांटवर बसवता येते म्हणे. तिला विचारलं तर म्हणाली, "मला कशाला रं स्क्रू? मी काय सायकल हाय?"

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा. जाहिरात नको, अनुभव हवा.

तालीमगडी | ९ जून

भावा, नळी दाढेनं फोडत्यात व्हय? ताटात आपटायची.

गंगावेशकर | ९ जून

ताट बायकोच्या माहेरचं आहे.

राजारामपुरीची सुगरण | १० जून

मी ब्रिजवाली. माझीही खालचीच दाढ गेली होती, शेजारचे दोन्ही दात चांगले होते. ते चांगले दात चहूबाजूंनी घासून बारीक केले आणि तिघांवर मिळून टोपी बसवली. नऊ वर्षं छान गेली, खोटं बोलणार नाही. मग तोंडाला वास यायला लागला. टोपीखाली एका दाताला कीड लागलेली, ब्रिज जोडलेला असल्यामुळे ती ना दिसली, ना दुखली, कारण ब्रिज बसवतानाच त्याची नस काढलेली. ब्रिज कापून काढला तेव्हा तो दात भुशासारखा झालेला. म्हणजे गेलेल्या एका दाढेपायी दुसरी गेली. आता तिथे दोन इम्प्लांट आहेत. जे पहिल्यांदा एकात भागलं असतं.

डॉक्टरांचा दोष मानत नाही. ब्रिजखालून दोरा घालून साफ करायला सांगितलं होतं, मी वर्षभर केलं आणि सोडलं.

हिशेबी इचलकरंजीकर | १० जून

दुसरी बाजूही येऊ द्या. माझा ब्रिज १७ वर्षांचा आहे आणि त्यावर मी रोज शेंगदाणे खातो. पण माझ्या शेजारच्या दोन्ही दातांचं आधीच रूट कॅनॉल झालेलं होतं, त्यांना कॅप लागणारच होती. मग त्या दोन कॅपांत तिसरं काम झालं. अशा माणसाला इम्प्लांट गळ्यात मारणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध.

आणि ३८ हजारांत काय काय आहे ते लिहून घ्या. स्क्रू, वरचा जोड, कॅप, स्कॅन, हाड भरावं लागलं तर त्याचे वेगळे का. आमच्या यंत्रमागाच्या धंद्यात कोटेशन असंच असतं, मोटर नंतर येते. मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका, अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा बसत नाही.

दंतवैद्य मिरजेहून | १० जून

माझा दवाखाना आहे, म्हणून थोडं सविस्तर. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे समजा.

दात गेल्यावर आपल्याला खड्डा दिसतो, हाड दिसत नाही. जबड्याच्या कडेचं हाड हे दाताच्या मुळासाठीच असतं. मूळ गेलं की ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. शिवाय मागची दाढ रिकाम्या जागेत कलते आणि वरच्या जबड्यातली समोरची दाढ, चावायला कुणी नाही म्हणून, खाली उतरू लागते. तीन वर्षांनी तुमच्याकडे हे कितपत झालंय ते आधी बघावं लागेल.

इम्प्लांट म्हणजे त्या मुळाच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू. चार-पाच मिलिमीटर जाड, साधारण दहा मिलिमीटर लांब. हाड त्याला थेट चिकटतं. खालच्या जबड्यात याला तीनेक महिने लागतात, वरच्या मागच्या भागात हाड भुसभुशीत, म्हणून जास्त. मग त्यावर जोड आणि कॅप. याचे माझ्या मते दोन खरे फायदे. शेजारच्या निरोगी दातांना हात लावावा लागत नाही, आणि चावण्याचा दाब पुन्हा हाडापर्यंत पोचतो, त्यामुळे तिथलं हाड बऱ्यापैकी टिकून राहतं. ब्रिज वरून तरंगतो, त्याच्या मधल्या खोट्या दाताखाली हाड झिजतच राहतं. काही वर्षांनी तिथे फट पडते आणि पालक अडकतो ती याच कारणाने. बाकी 'खऱ्यासारखा दिसतो' वगैरे ब्रिजही दिसतो.

आता जे जाहिरातीत नसतं ते. खऱ्या दाताभोवती तंतूंचं एक पातळ आवरण असतं, पाव मिलिमीटरहूनही कमी. त्यामुळे भातात खडा आला की क्षणात कळतं. इम्प्लांटला ते आवरण नाही. तो दबत नाही आणि दाबाची बारीक जाणीवही देत नाही. म्हणून कॅपचा चावा नीट बसवणं महत्त्वाचं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीच्या हिरडीला आजार होतो, आतलं हाड खातो आणि बहुधा दुखत नाही. दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट तोंडात टिकलेले असतात, पण 'टिकलेले' म्हणजे 'निरोगी' असं नव्हे.

आईंच्या कवळीबद्दल वेगळं लिहिते. तो विषय जास्त महत्त्वाचा आहे.

हिशेबी इचलकरंजीकर | १० जून

डॉक्टर ताई, धातू हाडाला चिकटतो हे पटत नाही. आमच्या मेव्हण्याच्या पायातली प्लेट दोन वर्षांनी काढावी लागली.

दंतवैद्य मिरजेहून | १० जून

पहिल्यांदा कुणालाच पटलं नव्हतं. १९५२ मध्ये स्वीडनमधले ब्रानेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी दुर्बिणीसारखी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची नळी परत काढायला गेले तर निघेना. हाड तिच्याशी एकजीव झालेलं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर त्यांचे दात त्याच स्क्रूंवर होते. चाळीस वर्षांहून जास्त. तरीही १९८२ च्या टोरोंटोच्या परिषदेपर्यंत दातांच्या जगाने त्यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: हे स्क्रू कारखान्यात बनवायला ब्रानेमार्कनी ज्या कंपनीशी हात मिळवला तिचं नाव बोफोर्स.

हिशेबी इचलकरंजीकर | १० जून

तोफवाली?

दंतवैद्य मिरजेहून | १० जून

तीच.

हिशेबी इचलकरंजीकर | १० जून

मग कोटेशन अजून नीट तपासा.

पुण्यात अडकलेला कोल्हापूरकर | ११ जून

माझा इम्प्लांट फेल गेला, तोही अनुभव लिहितो. वरची दाढ. हाड कमी होतं, सायनसचा (वरच्या दाढांवरच्या पोकळीचा) पडदा उचलून हाडाची पूड भरली, सहा महिने थांबलो. कॅप बसल्यावर पाचव्या महिन्यात स्क्रू हलायला लागला आणि अलगद हातात आला. दुखलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी विचारलं होतं, सिगारेट किती? मी म्हटलं दोन. खरा आकडा बारा. हाडात रक्त पोचायचं ते धुराने आखडतं, फेल जाण्याचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो, हे त्यांनी आधी समजावलं होतं. मी मान डोलवून बाहेर टपरीवर गेलो होतो.

दुसऱ्यांदा केला तेव्हा सोडून केला. चार वर्षं झाली. तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्यांनीही हे वाचावं, आपल्याकडे 'मी ओढत नाही' म्हणतात आणि गालात पुडी असते.

तालीमगडी | ११ जून

माझी एक अडचण हाय. भाच्याचं वय १५. शाहू स्टेडियमवर प्रॅक्टिसला डोक्याला डोकं लागलं, पुढची वरची पटाशी मुळासकट भाईर. मैदानातच पडली, कुणीतरी पुसून खिशात टाकली, घरी आल्यावर दिली. तवर संध्याकाळ. डॉक्टर म्हणले आता बसत न्हाई. बहीण म्हणती इम्प्लांट करून टाका, पोरगं हसायचं बंद झालंय. डॉक्टर म्हणत्यात थांबा. का थांबायचं?

दंतवैद्य मिरजेहून | ११ जून

डॉक्टर बरोबर सांगतायत. दात हाडाबरोबर वाढत, सरकत राहतात. इम्प्लांट हाडात रुतलेला, तो आहे तिथेच राहतो. आज सरळ ओळीत बसवला तर चार-पाच वर्षांनी शेजारचे दात खाली येतील आणि हा वर अडकल्यासारखा आखूड दिसेल. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. मुलांमध्ये अठरानंतरच विचार, कधी त्याहून उशिरा. तोवर काढता येणारा दात किंवा मागून चिकटवलेला ब्रिज करता येतो, हसायला तेवढं पुरतं.

आणि हे सगळ्या तालमींत, मंडळांत सांगा. दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावायचा नाही, घासायचं-पुसायचं नाही. वरचा पांढरा भाग धरून उचलायचा, शक्य तर तिथल्या तिथे खड्ड्यात बसवायचा. नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासात दवाखाना गाठायचा. कोल्हापुरात दुधाची पिशवी मिळायला कितीसा वेळ लागतो?

तालीमगडी | ११ जून

गोकुळची पिशवी मैदानाच्या गेटवर मिळती. कुणाला ठावं होतं. मंडळाच्या ग्रुपवर टाकतो.

निवृत्त सिस्टर, कसबा बावडा | १२ जून

गंगावेशकर, आईच्या औषधांची यादी काढा आणि इथे नाही, डॉक्टरांना दाखवा. विशेषतः हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, किंवा वर्षातून एकदा लावायची सलाईन. बायका ही गोळी 'कॅल्शियमची' म्हणून सांगतात आणि दातांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर किती?

गंगावेशकर | १२ जून

सिस्टर, तुमच्या पाया पडतो. डबा उपसला. आई चार वर्षं दर रविवारी उपाशीपोटी एक गोळी घेते, ती नेमकी हीच निघाली. मला माहीत होतं ते 'रविवारची गोळी' एवढंच. साखर नाही, बीपीची गोळी आहे.

दंतवैद्य मिरजेहून | १२ जून

बरं झालं विचारलं. या औषधांनी हाड झिजायचं थांबतं, पण दुरुस्तीही मंदावते. क्वचित कधी जबड्यात जखम केल्यावर हाड भरून न येता उघडं पडतं. तोंडाने घ्यायच्या गोळीत हा धोका कमी आहे, कॅन्सरसाठी देतात त्या मोठ्या मात्रेच्या सलाईनमध्ये बराच जास्त. म्हणजे आईंना बंदी नाही. पण हाडांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलूनच ठरवायचं, आणि ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

आता कवळी. वरची कवळी टाळूवर पसरते, थुंकीच्या पातळ थराने चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही, मधे जीभ, धरायला घोड्याच्या नालेसारखी हाडाची एक अरुंद कड. बारा वर्षांत तीही झिजली. म्हणून नवी केली तरी नाचतेच, करणाऱ्याचा दोष नसतो. पूर्ण कवळीने चावायची ताकद खऱ्या दातांच्या जेमतेम पाव उरते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर म्हणून टाकलं की खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर नुसती कवळी नव्हे, दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हा पहिला पर्याय धरावा.

हनुवटीच्या भागात, सुळ्यांच्या जागी, दोन स्क्रू. त्यावर ड्रेसच्या टिचबटणासारखा जोड, कवळीच्या आत त्याची जोडी. टक् आवाज करून बसते, रात्री काढून धुता येते. त्या भागात हाड बहुधा शिल्लक असतं आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागच्या बाजूला बाहेर पडते, म्हणून काम तुलनेने सोपं. पूर्ण जबडाभर सहा-आठ स्क्रू लावायला कुणी सांगितलं तर घाई करू नका. ७६ व्या वर्षी साफ करायला सोपं ते चांगलं.

खर्च जड जात असेल तर दंत महाविद्यालयांत चौकशी करा. सांगलीत आहेत, तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यात वारणेकडे नवे पारगावला आहे. वेळ जास्त जातो, पण शिकणाऱ्यांवर शिकवणाऱ्यांचं लक्ष असतं.

राजारामपुरीची सुगरण | १२ जून

टिचबटण! सासूबाईंना हे एका शब्दात पटेल. 'इम्प्लांट' म्हटलं की त्यांना हृदयाचं काहीतरी वाटतं.

गंगावेशकर | ३ जुलै

माझं काल झालं. आठवण ताजी आहे तोवर लिहितो.

स्कॅन आधी झाला होता. थ्रीडी. पडद्यावर माझा जबडा पावाच्या स्लाइसांसारखा कापून दाखवला. हाड कमी झालंय पण पुरेसं आहे, पूड भरावी लागणार नाही. नस कुठून जाते तेही दाखवलं आणि तिच्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखणार म्हणाले. ब्रिज सांगणाऱ्या डॉक्टरांनाही हा स्कॅन दाखवून आलो. ते स्वतःच म्हणाले, शेजारचे दात एवढे चांगले आहेत तर करा इम्प्लांट, मी करत नाही म्हणून सुचवला नव्हता. या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना खोबऱ्याच्या वड्या नेऊन दिल्या. (दातांच्या डॉक्टरांना वड्या. बायको हसली.)

दुखलं का? दाढ काढताना जेवढी ओढाताण झाली होती त्याच्या पावही नाही. इंजेक्शन टोचलं तेवढंच. मग ड्रिल. दुखत नाही पण कवटीत ऐकू येतं, रंकाळ्यावर बोअर मारताना दूरवरून ऐकू यावं तसं. पाण्याचा फवारा सारखा चालू. मधे विचारलं तर म्हणाले, हाड तापू द्यायचं नसतं, ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी तिथलं हाड मरतं आणि स्क्रू पकडत नाही. मग घाई न करता, थांबत थांबत, एकापेक्षा एक जाड ड्रिल. शेवटी स्क्रू हातपान्याने पिळला. पान्यावर आकडे होते, ३५ ला टक् झालं. म्हणाले, छान पकडलंय. मला गॅरेजमध्ये बसल्यासारखं वाटत होतं आणि ते वाटणं चांगलं होतं, कारण गॅरेजमध्ये मला भीती वाटत नाही.

चाळीस मिनिटं. दोन टाके. बर्फ, गोळ्या, दोन दिवस मऊ भात. मिसळ आठवडाभर बंद. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

पुण्यात अडकलेला कोल्हापूरकर | ३ जुलै

स्टिकर घेतला का? स्क्रूच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच नंबरचा स्टिकर असतो, त्यातला एक पेशंटला देतात. माझ्या पहिल्या स्क्रूचा नव्हता. तीन वर्षांनी वरचा जोड ढिला झाला असता तर कुठल्या कंपनीचा पाना लागेल हे कुणालाच सांगता आलं नसतं. स्विस असो, कोरियन असो की देशी, नाव माहीत हवं.

गंगावेशकर | ३ जुलै

दिला नव्हता. आता फोन करून मागितला, ठेवलाय म्हणाले.

हिशेबी इचलकरंजीकर | ४ जुलै

आणि पक्की पावती.

गंगावेशकर | १९ नोव्हेंबर

कॅप बसून दहा दिवस झाले. डावीकडून चावायचं विसरलोच होतो, जीभ घास आपोआप उजवीकडे ढकलते. चार-पाच दिवसांनी सवय झाली. काल फुटाणे खाल्ले. त्याच बाजूने, सूड म्हणून.

एक फरक जाणवतो. दंतवैद्य ताईंनी लिहिलं होतं तसंच. खऱ्या दाढेवर कडक काही आलं की कळतं, इथे तसं कळत नाही. दगडावर दगड.

आईचं: हाडांच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. धोका कमी आहे, करा, तोंडाची स्वच्छता कडक ठेवा असं लिहिलंय. तरी आई आषाढात नाही म्हणाली, मग श्रावण, मग गणपती, मग पितृपक्षात तर नाहीच, मग नवरात्राचे उपास. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दोन स्क्रू बसले. संध्याकाळी उठून तिने चहा मागितला. डॉक्टर म्हणाले कोमट चालेल. "कोमट चहा म्हणजे चहाचा अपमान," म्हणाली आणि तसाच ठेवला.

जुनी कवळी आतून पोकळ करून मऊ थर देऊन वापरायला दिलीय. टिचबटणं फेब्रुवारीत.

निवृत्त सिस्टर, कसबा बावडा | २० नोव्हेंबर

जखम भरली का? हाड दिसतंय का कुठे, पांढरं, टोकदार?

गंगावेशकर | २० नोव्हेंबर

नाही सिस्टर. परवाच तपासलं. स्वच्छ भरलंय.

गंगावेशकर | २ मार्च

धागा वर काढतोय. आईची कवळी बसली, पंधरा दिवस झाले.

पहिल्या दिवशी काढताच येईना. घाबरली, म्हणाली अडकली रं, आता अशीच मरायची मी. डॉक्टरांनी दोन अंगठे कुठे लावून वर उचलायचं ते शिकवलं. आता टक् करून काढते, टक् करून लावते, शेजारच्या काकूंना करून दाखवते. परवा रविवारी नातवाने सवयीने ताट पुढे केलं, तर म्हणाली, "तुझं तू खा." दोन फोडी खाल्ल्या. फार नाही, जबड्याचे स्नायू दमतात म्हणते. बारा वर्षं वापर नव्हता.

बटणाच्या आतल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, वर्षा-दीड वर्षाने बदलाव्या लागतील, खर्च किरकोळ. स्क्रूंभोवती मऊ ब्रश फिरवायचा रोज दोनदा. आईला वाकून आरशात बघणं जमत नाही, म्हणून रात्रीचं काम माझ्याकडे. माझ्याही इम्प्लांटभोवती बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश घालतो. आम्ही दोघं रात्री साडेनऊला मोरीपाशी उभे असतो.

ताईंना एक प्रश्न. हसू नका, तिनेच विचारायला लावलाय. आम्ही पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी देतो दर वर्षी, तिथून परत येताना म्हणाली, मी गेल्यावर या स्क्रूंचं काय? जळतात का?

दंतवैद्य मिरजेहून | २ मार्च

नाही जळत. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात, चिता त्याच्या जवळपासही जात नाही. रक्षेत दोन्ही स्क्रू तसेच मिळतील. आईंना सांगा, घाई नाही, मला सहा महिन्यांनी तपासणीचा फोटो पाठवा.

गंगावेशकर | ३ मार्च

वाचून दाखवलं. म्हणाली, "मग त्याचीबी पावती जपून ठेव."

हिशेबी इचलकरंजीकर | ३ मार्च

आईंना माझा नमस्कार सांगा.